नवतप्यातल्या रेघा

काल कूलरवाला येऊन गेला. त्याने खसच्या ताट्या बदलल्या, टाकीतला गाळ काढला, पंप धुऊन बसवला आणि बटण दाबलं. तो ओला, गवताळ, किंचित शेवाळी वास घरभर पसरला आणि नागपूरच्या माणसाला कळायचं ते कळलं. आता दोन-अडीच महिने सुटका नाही. पुढे नवतपा येईल, मे संपता संपता सूर्य नऊ दिवस डोक्यावर तळ ठोकून बसेल. रस्त्यावर माणसं डोळे तेवढे उघडे ठेवून बाकीचं तोंड दुपट्ट्यात गुंडाळून फिरतील. सगळं ओळखीचं. तरी कूलरची पहिली झुळूक अंगावर आली की गेली काही वर्षं मला उन्हाळ्याबरोबर आणखी एक गोष्ट आठवते. कागदावर कोळशाची कांडी फिरल्याचा आवाज. कोरड्या पानावरून सरडा जावा तसा.

तो उन्हाळा माझ्या ऑपरेशननंतरचा.

मी भांड्यांचा व्यापारी. इतवारीत आमचं तीन पिढ्यांचं दुकान आहे, पितळ, तांबं, काशाचं. त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला छातीत कळ आली आणि बायपास करावं लागलं. छाती मधोमध उघडून पुन्हा शिवली. पायातली शीर काढून वर जोडली, त्यामुळे पोटरीवरही लांब शिवण आली. डॉक्टरांनी उन्हाळाभर दुकानाचं नाव काढायचं नाही अशी ताकीद दिली. दुकान धाकट्या भावाने सांभाळलं आणि मी मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये बसून राहिलो. मे महिन्याची दुपार घरात कशी असते ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पडदे ओढलेले, फरशी थंड, बाहेर कावळासुद्धा नाही.

त्याआधी माझा उन्हाळ्याचा रिवाज ठरलेला होता. दुकानातून आलो की शर्ट, बनियन खुंटीला आणि मी उघड्या अंगाने गॅलरीत. माझी ढेरी सगळ्या कॉलनीच्या ओळखीची होती. ऑपरेशननंतर मात्र मी गळ्यापर्यंत बटणं लावून बसू लागलो. पंचेचाळीस डिग्रीत. आंघोळीला गेलो की आरशावर टॉवेल टाकायचो. शालूकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, पाठ करून झोपायचो.

आमच्या धंद्यात भांड्याला पोचा पडला तर ठोकून काढता येतो. पण भांडं चिरलं आणि डाख लावून, म्हणजे कथिल ओतून, सांधावं लागलं की ते मागच्या फळीवर जातं. तिथून पुढे मोडीत. मी स्वतःला त्या मागच्या फळीवर ठेवून दिलं होतं.

आमच्या वरच्या मजल्यावर जयश्री मॅडम राहत. चित्रकलेच्या कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, पांढरे केस कापलेले, एकट्या. दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे चार-पाच माणसं मोठाले बोर्ड काखेत मारून जिना चढायची. कॉलनीत कुजबुज होती की वर नागडी चित्रं काढतात. माझ्याही कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर मीही दोनदा जिन्याकडे पाहिलं होतं.

एका दुपारी त्यांनी जिन्यातूनच हाक मारली. ''मनोहरभाऊ, कूलरचा पंप पाणी ओढत नाहीये. तुम्हाला कळतं का त्यातलं?''

रिकाम्या माणसाला असं काम म्हणजे सण. मी पक्कड घेऊन वर गेलो. दारातच थबकलो. हॉलभर फरशीवर कागद पसरलेले होते आणि प्रत्येक कागदावर उघडी बाई. मान खाली घालायचीही सोय नव्हती, कारण चित्रं खालीच होती. मी भिंतीच्या कडेकडेने कूलरपर्यंत पोहोचलो आणि पंपात डोकं खुपसलं. जाळीत कचरा अडकला होता. तो काढला, पाणी ताट्यांवरून झरायला लागलं. काम संपलं, आता वळणं भाग होतं.

वळलो तर पायाशी एक चित्र. एक बाई जमिनीवर बसलेली, आपल्याकडे पाठ करून. एक गुडघा उभा, दुसरा पाय मुडपलेला. मानेपासून निघालेली रेघ केसाएवढी बारीक होती. खांद्याशी ती दाबून काळी झाली होती, पाठीवरून हळूहळू उतरली होती आणि कमरेपाशी नाहीशी झाली होती. तिथे नुसता कोरा कागद. मग खाली, जिथे तिचं सगळं वजन जमिनीवर टेकलं होतं, तिथे पुन्हा उमटली होती, जाड आणि ठाम. चेहरा नव्हताच. केसांचा एक ओबडधोबड अंबाडा, बस.

''ही बाई दमली आहे का हो?'' माझ्या तोंडून निघून गेलं.

मॅडम पाण्याचा ग्लास घेऊन येत होत्या, त्या थांबल्या. ''कशावरून म्हणता?''

''पाठीवरून.''

त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला आणि खाली बसल्या. म्हणाल्या, ''चित्र पाहणारे बहुतेक लोक पहिला प्रश्न विचारतात, ही कोण?'' मग सांगितलं, ही कमलाबाई. कन्हानहून बसने येते, कितीतरी वर्षं चित्रकारांसमोर बसते आहे. त्या दिवशी गाडीत उभ्याने आली होती, त्याआधी आजारी नातवाला घेऊन जागली होती. ''पण मला हे तिने जाताना सांगितलं. मी तिला दमलेली काढायला बसले नव्हते. हाताला आधीच कळलं असणार.''

मी ते चित्र पुन्हा पाहिलं. कमरेपाशी जिथे रेघ नव्हती तिथेच ती बाई सर्वांत जास्त वाकली होती. जे काढलंच नाही ते इतकं स्पष्ट कसं दिसतं, हे मला काही केल्या उमजेना.

रेघ मला अगदीच परकी नव्हती म्हणा. जन्मभर मी गडवे, म्हणजे पाण्याचे तांबे, हाताळले. गडव्याचा गळा खाली येऊन पोटाकडे वळतो, त्या वळणावर त्याचा स्वभाव ठरतो. तिथे ठोका जास्त पडला तर गडवा बसका दिसतो, कमी पडला तर ताठ, घमेंडखोर. चांगला गडवा शांत असतो. गिऱ्हाइकाला हे सांगता येत नाही, पण त्याचा हात आपोआप त्याच गडव्याकडे जातो. मीही माल घेताना ते वळण आधी बघायचो. माणसांकडे मात्र असं कधी पाहिलं नव्हतं. माणसांचं मी तोंड बघायचो आणि ते काय बोलतात ते ऐकायचो. धंद्यात तेवढ्यावर भागतं.

त्यानंतर दर रविवारी, मंडळी गेल्यावर, मी वर जाऊ लागलो. मॅडम त्या दिवसाची सगळी चित्रं फरशीवर मांडून ठेवायच्या. पंख्याने उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर वाट्या. एकच बाई, एकच बैठक, आणि पाच कागदांवर पाच वेगळ्या बाया! एक निवृत्त इंजिनीअर होते, ते बरगडी न् बरगडी मांडायचे. त्यांची कमलाबाई पुलासारखी मजबूत असायची. श्रुती नावाची कॉलेजातली मुलगी होती, ती सात-आठ रेघांत काम संपवायची, आणि त्या रेघांना इतकी घाई असायची की बाई आता उठून जाईल असं वाटायचं.

एका रविवारी कमलाबाई उभी होती. एका पायावर भार, हात कमरेवर. मॅडमच्या कागदावर तिचं कोपर असं काही बाहेर आलं होतं की मी म्हटलं, ''आज भांडून आलेली दिसते.'' मॅडम हसल्या. सुनेशी वाजलं होतं म्हणे. आणखी एकदा मॅडमनी आख्खा कागद कोळशाने काळा केला आणि मग खोडरबराने पुसत पुसत त्यातून बाई बाहेर काढली. पोटावरच्या बाळंतपणाच्या खुणा त्यांनी पुसून, उजेडाच्याच रेघांनी काढल्या होत्या. मला आईची आठवण झाली. आईचं पोट मी कधी पाहिलेलं नाही. तरीही झाली.

मी उकिडवा बसून पाहत राहायचो. उघडं अंग माझ्या लेखी आजवर तीनच ठिकाणी होतं, न्हाणीघरात, मित्रांच्या चावट गप्पांत आणि आता दवाखान्यात. या कागदांवरचं अंग त्या तिन्ही ठिकाणचं नव्हतं. कपड्यात माणूस कुणीतरी असतो, दुकानदार असतो, साहेब असतो, कुणाची तरी सून असतो. इथे ते सगळं खुंटीला टांगलेलं. उरलेला माणूस दमलेला होता, चिडलेला होता, निवांत होता. एवढंच, आणि एवढं पुष्कळ होतं. कोळशाच्या काळ्या कांडीत हे सगळं कुठे दडून बसलेलं असतं कोण जाणे! आजही चांगलं चित्र समोर आलं की मी आधी हरखतो आणि मग उकिडवा बसतो. हा क्रम बदललेला नाही.

शालूच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. एकदा डाळ निवडता निवडता म्हणाली, ''काय पाहून राहिले एवढं वरती?''

''चित्रं.''

''कायची?''

''एका बाईची.''

''अन् कपडे?''

''नाहीत.''

तिने सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता झालं. पण ती पदराने तोंड झाकून हसायला लागली. ''डॉक्टरनं हृदयासंगं डोळेबी नवे बसवले का तुम्हाले?''

असे दिवस चालले आणि नवतपा लागला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच रविवार होता. शालूने कैरीचं पन्हं केलं होतं, मॅडमकडच्या मंडळींसाठी तांब्याभर माझ्या हाती दिलं. वर गेलो तर सगळे हातावर हात ठेवून बसलेले. कमलाबाईला ऊन लागलं होतं, कन्हानहून तिच्या मुलाचा फोन आला होता. बोर्ड उभे, कागद लावलेले, मधलं स्टूल रिकामं. मॅडम म्हणत होत्या, ''चला, आज एकमेकांचे हात काढू.''

''मी बसू का?'' मी विचारलं.

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. त्या रिकाम्या स्टुलाकडे पाहताना ते आलं. मॅडमनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना माझ्या गळ्यापर्यंतच्या बटणांचा अर्थ कधीचाच कळलेला असावा. ''जेवढं काढावंसं वाटेल तेवढंच काढा,'' त्या म्हणाल्या, ''नुसते कुर्त्यात बसलात तरी चालेल.''

आतल्या खोलीत गेलो. कुर्ता काढला. बनियन काढली. पायजम्यापाशी बराच वेळ अडलो, कारण खाली पोटरीवरची ती दुसरी शिवण होती. मग तोही काढला आणि मॅडमनी दिलेला पंचा गुंडाळून बाहेर आलो. स्टुलावर बसलो. पंचा राहू द्या हवं तर, असं त्या म्हणाल्या, पण कमलाबाई जर काही ठेवत नव्हती तर मीच कोण असा लागून गेलो? तो काढून मी बाजूला ठेवला.

पहिली काही मिनिटं कानात नुसती धडधड. पाच माणसं आपल्याकडे बघताहेत आणि आपण खिडकीच्या पडद्याकडे. श्रुतीची नजर छातीवर आली की त्या ठिकाणी चटका बसल्यासारखं व्हायचं. मग कांडीचा आवाज सुरू झाला. सर्र, सर्र, थांबला, पुन्हा सर्र. त्या आवाजाने हळूहळू माझा जीव खाली बसला. ही माणसं माझ्याकडे बघत होती, पण दवाखान्यात भेटायला आलेले नातेवाईक बघायचे तशी नव्हे. त्यांना माझी कीव करायला सवड नव्हती. खांदा कुठे संपतो आणि दंड कुठे सुरू होतो, या चिंतेत ती बिचारी घामाघूम झाली होती. मी तिथे बसलेला एक अवघड, कामाचा ऐवज होतो. कितीतरी दिवसांनी मी कुणाच्या तरी कामाचा होतो.

संपल्यावर कुर्ता घालून बाहेर आलो तेव्हा कागद फरशीवर लागलेले होते. मी नेहमीसारखा उकिडवा बसलो. इंजिनीअरसाहेबांनी छातीवरची शिवण रुळासारखी काढली होती, आडव्या पट्ट्यांसकट. बघून मला हसू आलं. श्रुतीच्या कागदावर मी मोठा देखणा होतो. पोटसुद्धा जरा आत होतं. छाती साफ, कोरी, एक ओरखडा नाही.

आणि मला राग आला. असा भडकन की मलाच कळेना.

''बाई, हे काहून नाही काढलं तू?'' मी छातीवर बोट ठेवून विचारलं.

ती गोंधळली. ''काका, मला वाटलं, तुम्हाला बरं नाही वाटणार.''

''अन् पायावरचं? तेही नाही! मग हा कोण बसला आहे इथं? हा माह्यासारखा दिसत नाही!''

चार महिने आरशावर टॉवेल टाकणारा माणूस मी, आणि आता तीच रेघ माझी आहे म्हणून भांडत होतो. श्रुतीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला पन्ह्याचा ग्लास भरून दिला, दुसरं काय करणार?

मग मॅडमचं चित्र पाहिलं. त्यांनी कांडी गळ्याखालच्या खळग्यात टेकवून सरळ खाली ओढली होती, एका दमात. सगळं चित्र त्या रेघेपासून सुरू झालं होतं. तिच्या दोन बाजूंना खांदे, लोंबते दंड, मांड्यांवर ठेवलेले हात, घडी पडलेलं पोट. बाकीच्या रेघा मऊ होत्या, काही तर बोटाने पुसलेल्या. ती एकच खरी पक्की. तिच्या आधाराने तो माणूस बसला होता. म्हातारा होऊ लागलेला, जाडसर, ओझं खाली ठेवून नुकताच टेकलेला माणूस. मोडीत निघालेला मात्र वाटत नव्हता. त्याच्या बसण्यात एक प्रकारची सावकाशी होती. हे आपल्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. मॅडम शेजारी बसून निमूट बोटं पुसत होत्या.

पुढच्या रविवारी कमलाबाई बरी होऊन आली, तिने ते चित्र पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, ''माही नोकरी खातं का गा भाऊ?'' मग वाकून जवळून पाहिलं आणि म्हणाली, ''पण चांगला बसला.'' तिच्याकडून आलेली ती पावती मी आजही जपून आहे. त्यानंतरही ती गावाला गेली की मी बसतो. पण ते पुढचं.

त्या रविवारी मी खाली आलो आणि जेवताना शालूला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ती पुन्हा हसेल. ती हसली नाही. हातातला घास तिने ताटात ठेवला.

''पाच लोकांसमोर कुर्ता काढला तुम्ही?''

''हो.''

''अन् मी कोण होती?''

मी ताटातली पोळी मोडत राहिलो.

''दवाखान्यात पट्टी सोडली तेव्हा मीच होती उभी. तुम्ही डोळे मिटून पडले होते. मी पाहिलं सारं, वरपासून खालपर्यंत. मले काय नवं होतं त्याच्यात?'' तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. ''घरी आले अन् पाठ केली. रोज मी ते पाठच पाहून राहिली. तुम्ही झोपले का जागे आहे, रडून राहिले का नुसते पडले आहे, मले त्या पाठीवरनं समजत नसन का?''

ती ताट घेऊन उठली. मी गॅलरीच्या दारात बसून राहिलो. बाहेर रस्ता पांढराफटक पडला होता. एका बाईची पाठ पाहून ती दमली आहे हे मी ओळखलं म्हणून महिनाभर स्वतःवर खूश होतो, आणि माझ्याच पाठीमागे कोण काय वाचत पडलं होतं याची मला गंधवार्ता नव्हती.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर शालूने तोंडावर पाणी मारलं, पदर नीट केला आणि मला काही न सांगता वर गेली. मी खाली कान देऊन होतो. वरून काही ऐकू येईना. एकदा स्टूल सरकल्याचा आवाज आला, बस. मी कूलर बंद केला, म्हणजे नीट ऐकू येईल. तरी काही नाही. मग पुन्हा लावला.

बऱ्याच वेळाने ती आली. बोटांना कोळसा लागला होता, म्हणजे चित्राला हात लावून पाहिलं होतं तिने. मोरीवर जाऊन हात धुतले आणि पलंगावर माझ्यासमोर येऊन बसली.

''खांदा चुकला त्यायचा,'' ती म्हणाली.

''कोणता?''

''उजवा. दोन्ही सारखे काढले. तुमचा उजवा खाली आहे. दुकानातले पाण्याचे पितळी गुंडं उचलू उचलू लग्नाच्या आधीपासूनच खाली आहे. मी पाहाले आली होती तुम्हाले, तेव्हाच दिसलं होतं.''

पाहायला तर मी गेलो होतो तिला, काटोलला! पण ते बोलायची ही वेळ नव्हती. ''मॅडमले सांगितलं का?''

''सांगितलं ना. त्या म्हणे, आखडून बसले असतीन, म्हणून खांदा वर चढला असन. म्हटलं, असू शकते. मी पाहून सांगते.'' तिने ओले हात पदराला पुसले. ''बाकी चित्र चांगलं आहे. लई चांगलं आहे. मी रडली तिथं.''

मग तिने उठून पडदा नीट ओढला, पुन्हा समोर बसली आणि म्हणाली, ''कुर्ता काढा.''

मी वरचं बटण काढलं. मग दुसरं काढलं. कुर्ता डोक्यावरून निघाला, मग बनियन. कूलरची ओली हवा थेट छातीवर आली. शालू हात मांडीवर ठेवून बघत होती. आधी खांद्याकडे, मग गळ्याच्या खळग्याकडे, मग तिथून सावकाश खाली. काल पाच परक्या माणसांसमोर मी दगडासारखा बसलो होतो. आता मात्र हनुवटी थरथरायला लागली, खांदे हलायला लागले, आणि काही केल्या मला स्थिर बसता येईना.

''हलू नका,'' ती म्हणाली, ''पाहून राहिली ना मी.''